काजाच्या टेबलावरची कादंबरी

९ जानेवारी

ताई,

पुस्तक मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून उलटं धरून झटकलं. पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यात बोट घालूनही पाहिलं. काही नाही. अकरा वर्षांनी बहिणीला पार्सल पाठवायचं आणि त्यात एक ओळसुद्धा घालायची नाही, हे तुलाच जमावं. पत्ता मात्र तुझ्या हातचा आहे. अक्षर अजून तसंच, काठी गिळल्यासारखं ताठ.

मायना काय लिहावा यात माझी अर्धी सुट्टी गेली. 'तीर्थरूप' लिहिलं तर म्हणशील, आता नाटकं सुचतायत हिला. काहीच नाही लिहिलं तर म्हणशील, माज गेला नाही. म्हणून नुसतं ताई. ती तू आहेसच, बोल नाहीतर नको बोलूस.

हिला कादंबरी पाठवून काय उपयोग, असं मनात आलं असेल तर सांगते. मी आता वाचते. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याचे धडे घेता घेता माझेच धडे झाले. तो पुढे गेला, मी त्याच्या मागच्या इयत्तेतली पुस्तकं वाचत राहिले. आता वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, तेही ओठ न हलवता. तू मला दुसरीची बाराखडी शिकवताना कान पिरगाळायचीस, आठवतं? वाया नाही गेलं ते.

तू बाइंडिंगच्या कारखान्यात लागलीस हे इकडून तिकडून कळलं होतं. ही बांधणी तुझीच ना? पाठ उघडून पाहिली. टाका ओळखला मी. सगळे एकसारखे, आणि शेवटचा जरा जास्तच घट्ट.

मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय की तळ्याकाठच्या एका लहान गावात माणसांनी भरलेली नाव बुडते आणि मागे राहिलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. टोमणा म्हणून पाठवलं असशील तर तसं कळव. नसशील तरी कळव.

धाकटी


२८ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. बरं. मी लिहीत राहते, तू गप्प राहा. लहानपणी भांडणं झाल्यावर असंच असायचं.

पुस्तक मी आमच्या शर्टांच्या कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत दोन पानं वाचावीत म्हणून. तर कात्रीबाई माझ्या डोक्यावर येऊन उभी. कात्रीबाई तुला माहीत आहेच, कापड कापायला आणि शर्टांचे गठ्ठे वाटायला बसते ती. आता सत्तरीला आलीय, पण अजून तिच्या हातून कापलेल्या कापडाला कुणी पट्टी लावून बघत नाही. म्हणाली, "काय एवढं डोकं खुपसून बसलीस? मोठ्याने वाच. आम्हाला काय कान नाहीत?"

वाचलं. सुट्टी संपली तरी कुणी उठेना. मग कात्रीबाईनेच तोडगा काढला. शिलाईची मशीनं पलीकडच्या दालनात आहेत, आमचं काजाचं टेबल कोपऱ्यात. हाताचं काम, सुईचा काय आवाज? तर मी वाचायचं आणि माझ्या वाटचे शर्ट बाकीच्या सातजणींनी वाटून घ्यायचे. प्रत्येकीला दिवसाला दोन-दोन जास्त. मी म्हटलं, कशाला उगाच, तुमच्या बोटांचे हाल. तर माझ्या शेजारी बसणारी बहिऱ्याची बायको म्हणाली, "बोटं आमची आहेत. तू घसा सांभाळ."

पहिले चार दिवस मात्र मला शिव्या बसल्या. "अगं, ही गोष्ट सुरू कधी होणार?" नाव तर पहिल्याच पानावर बुडून गेलीय. चौदा माणसं गेलीत. आणि त्यानंतर काही म्हणजे काही घडत नाही. पोस्टमन सकाळी उठतो, मेलेल्या माणसांच्या नावाने आलेली पत्रं परत पाठवायची सोडून टेबलाच्या खणात ठेवतो, आणि चहा पितो. मास्तरीणबाई नवऱ्याचं घड्याळ रोज किल्ली देऊन चालू ठेवते. पीठगिरणीवाला कुणाशीच बोलत नाही. झालं. तीस पानं हेच. एकजण म्हणाली, "यापेक्षा आमच्या घरी जास्त घडतं."

पण पाचव्या दिवशी मी यायला दहा मिनिटं उशीर केला, तर सगळ्या दाराकडे बघत बसलेल्या. "काय गं, पोस्टमनने ते पत्र फोडलं का?" आता पोस्टमन टेबलावरच्या सगळ्यांचा भाऊ झालाय. त्याचं मास्तरीणबाईशी लग्न लावून द्यावं की नाही यावर दोन तट पडलेत. कात्रीबाई म्हणते, "घड्याळ बंद पडू दे आधी, मग बघू."

ताई, कात्रीबाई धरून आठजणींना गप्प बसवून ऐकायला लावते मी. चौथी नापास बाई. सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

इस्त्रीवाल्या बायकांनी आपलं टेबल आमच्याकडे चार हात सरकवलं. परवा देखरेखीच्या बाई आल्या. हातात घड्याळ, कपाळाला आठ्या. "हे काय चाललंय? शाळा आहे का?" कात्रीबाईने मान वर न करता सांगितलं, "शर्ट मोजा." बाईंनी मोजले. मागच्या महिन्यापेक्षा जास्त भरले. काजं उलटून पाहिली, एक धागा सुटलेला नाही. मग म्हणाल्या, "त्या पीठगिरणीवाल्याचं पुढे काय होतं?" म्हणजे दाराआडून ऐकत होत्या.

मुलगा आता खाणीवर डंपर चालवतो. तेवीस वर्षांचा घोडा झालाय. तू पाहिलं होतंस तेव्हा बारा वर्षांचा, गुडघे फुटलेला. बापाचा फोटो डंपरच्या काचेला लावलाय. खाणीवर त्याला अजून 'मुकादमाचा मुलगा' म्हणतात आणि तो मान वर करून चालतो. आणि तुझी मुलगी? एकोणीस पुरी झाली असेल. उंचीला कुणावर गेली? भाओजींवर गेली असेल तर दारातून वाकून जावं लागत असेल.

सगळं पुस्तक असंच नीट वाचून दाखवते. माझा उच्चार स्वच्छ आहे असं सगळ्या म्हणतात.

धाकटी

वर 'सगळं पुस्तक' लिहिलं ते पुरतं खरं नाही. सगळं वाचून दाखवत नाही. पानं गाळते. कुठली ते तुला कळेल. तूच तर पुस्तक शिवलंस.


५ मार्च

ताई,

हे पत्र लांबणार आहे. एका बैठकीत लिहिते, नाहीतर फाडून टाकीन.

त्या गावात नावाड्याची बायको आहे. नावाडीही बुडाला, पण गाव म्हणतं की त्याच्यामुळेच सगळे गेले. ती गल्लीच्या टोकाला राहते, कोंबड्या पाळते. रोज सकाळी अंड्यांची टोपली घेऊन दारोदार जाते. "आज ताजी आहेत." दार नुसतं किलकिलं होतं, "नको." पुढचं दार, "नको." सगळं गाव फिरून ती भरलेली टोपली घेऊन परत जाते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते, केस विंचरून, ताठ मानेने.

हे मी वाचलं नव्हतं टेबलावर. ती आली की पानं उलटायची आणि पोस्टमनवर जायचं. महिनाभर खपलं. सोमवारी कात्रीबाईने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "थांब. आत्ता तू एक पान उलटल्यासारखं केलंस आणि चार उलटलीस."

मी म्हटलं, "चिकटली होती."

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण साठ वर्षं कापडाच्या घड्या मोजतेय. बोटाखालून किती थर गेले ते मला आवाजावरून कळतं. आणि हे पहिल्यांदा नाही. काय लपवतेस?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मागे गेले आणि गाळलेलं सगळं वाचलं. पहिल्यापासून. घसा कोरडा पडला तरी थांबले नाही. अंड्यांची टोपली, बंद दारं, आणि एक जागा अशी आहे की नावाड्याची बायको नळावर जाते आणि तिथल्या बायका आपापल्या बादल्या अर्ध्या भरलेल्या उचलून निघून जातात. तिथे पोहोचले तेव्हा टेबलावर एकही सुई हलत नव्हती.

इस्त्रीवाल्यांपैकी एक, नवी आहे ती, तिला काही माहीत नाही. ती म्हणाली, "काय दुष्ट लोक आहेत गं! अशी माणसं असतात कुठे?"

मग कात्रीबाई म्हणाली, "असतात. इथेच होती. या टेबलावर." आणि त्या नवीला सांगितलं की इथे एक बाई काजं करायची. तिचा नवरा खाणीत सुरुंग लावायचा. खाणीत सहा माणसं गेली आणि तोही गेला, आणि ठपका त्याच्यावर आला. "मी तिला शर्टांचा गठ्ठा देणं बंद केलं," कात्रीबाई म्हणाली. "ती रोज येऊन बसायची. रिकाम्या हाताने. अठरा दिवस. मग नाही आली."

ताई, हे तिने माझ्यासमोर, आपण होऊन सांगितलं. आता मी काय सांगितलं ते लिहिते. तुला ते सगळं माहीत आहे. पण माझ्या हाताने लिहिलेलं तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

मी उभी राहिले. म्हटलं, तिच्या नवऱ्याने आधी सांगितलं होतं. माझ्या दारात येऊन सांगितलं होतं. दुपारची वेळ. आमचे हे जेवायला बसले होते. साडू-साडूंचा तेव्हा अबोला होता, कसल्या तरी फालतू कारणावरून. म्हणून भाओजी आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून मला म्हणाले, "त्याला सांग, बारा सुरुंग भरले आणि अकराच वाजले. एक आत तसाच आहे. संध्याकाळपर्यंत त्या कड्याखाली माणूस जाऊ द्यायचा नाही. मी लाल बावटे आणायला कचेरीत चाललोय."

आतून यांना ऐकू आलंच होतं, तरी मी सांगितलं. हे म्हणाले, "दोन एकदम वाजले असतील. त्याला मोजता कुठे येतं?" आणि मी हसले, ताई. हे बोलले त्यावर मी हसले. मग हे म्हणाले की भरायच्या गाड्या उभ्या आहेत, वरून तगादा आहे, आणि हात धुऊन गेले. पाच माणसं घेऊन कड्याखाली उतरले.

ते वाईट नव्हते. हे मी टेबलावरही सांगितलं. माणसांच्या आधी स्वतः उतरायचे, त्या दिवशीही सगळ्यात पुढे तेच होते. पण त्यांना सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ऐकलं नाही. आणि नंतर कचेरीत चौकशी झाली तेव्हा साहेबांनी विचारलं, सुरुंगवाल्याने इशारा दिल्याचं कुणाला माहीत आहे का? तू उठून म्हणालीस, "माझ्या बहिणीला विचारा." त्यांनी विचारलं. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मला काही आठवत नाही."

मला सगळं आठवत होतं. त्यांच्या चपलेचा तुटलेला अंगठासुद्धा.

मुकादमाची विधवा म्हणून मला घर ठेवलं, काम दिलं. काम कुठलं, तर या टेबलावरचं. तुझी जागा. अकरा वर्षं तिथे बसते आणि लोक मला मान देतात.

मी बोलून खाली बसले. वाटलं होतं, आता एकेक उठून जाईल. पण बहिऱ्याची बायको हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्याने बघितलं होतं त्याला."

तिचा नवरा त्या दिवशी गाड्यांपाशी होता म्हणून वाचला, पण कान गेले. ती म्हणाली, "सुरुंगवाला वरच्या वाटेने बावटा घेऊन धावत येत होता. ओरडत होता. थांबला असता तर वाचला असता. तो त्यांना बोलवायला खाली शिरला आणि तेवढ्यात उडालं."

कात्रीबाई ओरडली, "अगं मग बोलला का नाही कुणापाशी?"

"विचारलं कुणी?" ती म्हणाली. "चौकशीत साहेब तोंडी विचारत होते. याला ऐकूच येत नव्हतं. दोनदा विचारून सोडून दिला. आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून त्याने तेव्हापासून बोलणंच सोडलंय. मला खुणा करून सांगितलं होतं. मी म्हटलं, आपण कशाला मुकादमाच्या घराविरुद्ध जायचं."

म्हणजे प्रत्येकीपाशी एकेक तुकडा होता, ताई. एकाच टेबलावर, अकरा वर्षं.

त्या दिवशी एकही काज झालं नाही. देखरेखीच्या बाईंनी शर्ट मोजले नाहीत.

तुझी धाकटी


१३ मार्च

ताई,

मुलाच्या कानावर बाहेरून जायच्या आत मीच सांगितलं. जेवताना नाही सांगितलं, ताट पुढे असताना वाईट बोलू नये असं मला वाटतं. सकाळी, तो बूट घालत होता तेव्हा.

ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू मला अकरा वर्षं बापाचा फोटो दाखवलास."

"फोटो खराच आहे," मी म्हटलं. "तुझा बाप मोठा माणूस होता. आणि त्या दिवशी चुकला. दोन्ही आता तुलाही सांभाळायचंय, मला एकटीला झेपत नाही."

तो मित्राकडे राहायला गेलाय. कपडे घेऊन गेला, फोटो काचेवरून काढलाय असं कळलं. नळावर दोघीजणी मला बघून बोलायच्या थांबल्या. मी बादली काठोकाठ भरली आणि मगच निघाले. तुझ्याकडे बघून शिकले नव्हते तेव्हा, आता शिकते.

मला वाईट वाटतंय असं तुला वाटेल. वाटतंय. पण रात्री पडल्या पडल्या झोप लागते, हे गेल्या अकरा वर्षांत झालं नव्हतं. आणि सांगू का, आरशात बघताना मला आवडते मी सध्या. पन्नाशीत हे असलं काही होईल असं वाटलं नव्हतं.

तुझी धाकटी


२२ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. "पत्रं मिळाली. पुस्तक पूर्ण करा, मग बघू." आठ शब्द नाहीत पुरते. मी ते टेबलावर वाचून दाखवलं तर कात्रीबाई म्हणाली, "तीच आहे गं. काही फरक नाही." आणि पदर डोळ्याला लावला. मी तिला आजवर रडताना पाहिलं नव्हतं, बोटात सुई मोडली होती तेव्हासुद्धा.

तर पुस्तक पूर्ण झालं. शेवटावरून भांडणं लागली. पोस्टमन खणातली पत्रं घेऊन तळ्याकाठी जातो. आम्हाला वाटलं आता सोडेल पाण्यात. तर तो तिथे बसून एकेक पत्र फोडतो आणि ज्यांनी लिहिली त्यांना उत्तरं लिहायला घेतो. 'आपला माणूस आता नाही, पण तो कसा होता ते मी सांगू शकतो.' आणि सर्वांत पहिलं उत्तर द्यायला तो बसतो तो नावाड्याच्या बायकोच्या ओट्यावर, कारण गावात सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं. तिथे पुस्तक संपतं. लग्न नाही, काही नाही. इस्त्रीवाली नवी म्हणाली, "हा काय शेवट झाला?" बहिऱ्याची बायको म्हणाली, "मग काय हवं तुला, बँडबाजा?"

माझं विचारशील तर मला लेखक कोण ते ठाऊक नाही, पण त्या माणसाने कुणालाच वाईट किंवा चांगलं म्हणून सोडून दिलेलं नाही. पीठगिरणीवाला, जो पहिल्यांदा दार लावतो, त्याचंही पोर बुडालेलं असतं. माणूस दार का लावतो तेही सांगितलंय आणि लावलेलं दार बाहेरून कसं दिसतं तेही. इतक्या गरीब माणसांकडे इतकं निरखून कुणी बघतं याचंच मला नवल वाटलं.

आता कामाचं. आम्ही निवेदन केलं. मी सांगितलं, देखरेखीच्या बाईंनी सुवाच्य लिहिलं, मी सही केली. बहिऱ्याने त्याच्या हाताने तीन ओळी लिहिल्या, बावट्याच्या. टेबलावरच्या सगळ्यांनी साक्षी म्हणून सह्या केल्या. कात्रीबाईला अंगठा लावायला सांगितला तर म्हणाली, "अंगठा नाही." माझ्याकडून आठवडाभर सही गिरवून घेतली आणि मग केली. अक्षरं जरा पडलीत, पण तिची आहेत.

खाणीच्या कचेरीने कागद परत दिला. चौकशी बंद झालेली आहे म्हणे. मी तो घेऊन फाटकातून बाहेर पडत होते तर समोर डंपर थांबला. मुलगा उतरला. महिनाभर बोलला नव्हता. माझ्या हातातला कागद घेतला, उभ्या उभ्या सगळा वाचला. शेवटी विचारलं, "काकांनी खरंच धावत येऊन..." तुला आठवतं ना, तो भाओजींना काकाच म्हणायचा.

तो कागद घेऊन तसाच आत गेला. मी बाहेर उभी. बराच वेळ. आतून आवाज आला नाही, आरडाओरडा नाही. बापाच्या आवाजात बोलला असणार, तो आवाज मोठा नसायचा पण समोरचा बसलेला उठून उभा राहायचा. परत आला तेव्हा हातात पोच होती. फाइलमध्ये एक ओळ घातलीय, मी ती उतरवून घेतली. 'सुरुंग न उडाल्याची सूचना सुरुंगवाल्याने मुकादमास वेळेवर दिली होती, असे मुकादमाच्या पत्नीचे निवेदन आहे.' ओळ एकच आहे. पण सरळ आहे.

मुलाने विचारलं, "घरी जेवायला काय आहे?" मी म्हटलं, "येऊन बघ."

फोटो पुन्हा काचेला लावलाय.

तुझी धाकटी


१६ मे

ताई,

तू तिला पाठवणार आहेस हे कळवायचं होतंस. निदान उशी तरी धुऊन ठेवली असती.

मंगळवारी दहाच्या सुमाराला कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने कुणाला तरी अडवलं. आवाज आत येत होता. "कोण पाहिजे? कुणाची तू?" आणि उत्तर आलं, अगदी स्वच्छ, काही खालीवर नाही: "सुरुंगवाल्याची मुलगी."

काजाचं टेबल उभं राहिलं, ताई. कुणी कुणाला सांगितलं नाही. मांडीवरचे शर्ट खाली पडले. ती दारातून आत आली, वाकून आली, भाओजींसारखीच. सगळ्यांकडे बघून घेतलं आणि माझ्यासमोर थांबली. मी तिला ओळखलं हे कबूल, पण तिने मला कसं ओळखलं? म्हणाली, "आई म्हणाली होती, जी सगळ्यात आधी रडेल ती मावशी." मी रडत नव्हते. बरं, असेन.

कात्रीबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या आईला मी अठरा दिवस काम दिलं नाही. ते तुला माझ्या तोंडून कळलं पाहिजे." ही म्हणाली, "आईने सांगितलंय. ती म्हणते, त्या अठरा दिवसांनी तिला दुसरीकडे जगायचं बळ आलं. पण विसरलेली नाही ती." जसंच्या तसं सांगते. तुझीच मुलगी. माफ केलं म्हणाली नाही, आणि बसायला दिलेली जागाही नाकारली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्यात बसून काजं केली तिने. टाका बघितला मी. शेवटचा जास्त घट्ट.

दुसऱ्या दिवशी तिला खाण बघायची होती. मुलगा डंपरमधून घेऊन गेला, मी मधे बसले. कड्यापाशी उतरलो. ती म्हणाली, "बाबा कुठून आले होते?" मी हाताने वरची वाट दाखवली. पण मी तिथे नव्हतेच ना त्या दिवशी. मला काय सांगता येणार?

गाड्यांपाशी बहिरा उभा होता. आता तो तिथे राखणीला असतो, साठीचा माणूस, गुडघे गेलेले. त्याच्या बायकोने त्याला सांगितलं असणार कोण येणार आहे ते. तो हिच्याजवळ आला. तोंड उघडलं, मिटलं. मग पाठ फिरवून वरच्या वाटेने चढायला लागला. आम्हाला वाटलं निघून गेला. पार वळणापर्यंत गेला, तिथे आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि एक हात वर केला, बावटा धरल्यासारखा.

आणि धावत सुटला.

त्या उतारावरून, सुट्या दगडांवरून, साठ वर्षांचा माणूस. हात वर, डोकं पुढे. अकरा वर्षं मिटलेल्या तोंडातून ओरडत, "मागे व्हा! मागे व्हा!" आवाज फाटलेला, शब्द वेडेवाकडे, त्याला स्वतःला ऐकूही येत नसणार. खाणीतली माणसं थांबली. कुणीतरी मशीन बंद केलं, मग दुसऱ्याने. तो आमच्या पुढून गेला, थांबला नाही, थेट कड्याखाली जाऊन जिथे भाओजी पडले तिथे उभा राहिला आणि दोन्ही हात खाली सोडले. छातीचा नुसता भाता झाला होता.

माझ्या मुलाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. त्याच्या मागे सगळ्यांनी काढलं.

तुझी मुलगी पुढे गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जिथून तो धावत आला त्या वाटेकडे बराच वेळ बघत होती. रडली नाही. परत आली आणि मला म्हणाली, "मावशी, बाबा किती जोरात धावत होते."

मी म्हटलं, "हो गं. खूप जोरात."

तुझी धाकटी